आहुपे

आहुपे हे पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातले, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले छोटे गाव. घोड नदी याच डोंगरांत उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन भीमेला मिळते. पश्चिमेला मात्र कडा एकदम तुटतो. खाली कोकण दिसते, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके. आहुपे घाटाची पाऊलवाट उतरली की ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातले खोपिवली लागते.

वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. तालुक्यात ठाकर आणि कातकरी वाड्याही आहेत. पावसाळ्यात पर्यटकांची रीघ लागते, पण आहुप्याला नुसते धबधब्याचे ठिकाण समजणे हा गावावर अन्याय आहे. इथली खरी करामत खाचरांत आहे. एवढ्या उतारावर भात पिकवायचा तर आधी सपाट जमीन घडवावी लागते. त्यासाठी या भागात ‘पडकई’ची रीत आहे: उन्हाळ्यात शेजारीपाजारी जमतात, उतार फोडतात, निघालेले दगड रचून ताल, म्हणजे दगडी बांध, घालतात आणि मागे माती भरतात. आज एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी रोख द्यायची नसते, श्रमाची फेड श्रमानेच होते. पावसाआधी पालापाचोळा, टहाळे आणि शेण रचून राब भाजतात, त्यावर भाताचे रोप टाकतात आणि पाऊस धरला की आवणी, म्हणजे रोपांची लावणी. वरच्या मुरमाड जमिनीत नाचणी आणि वरई.

रोख पैसा येतो तो हिरड्यातून. कोवळी फळे उन्हाळ्यात झाडून उन्हात घातली की सुकून काळी पडतात, हाच बाळहिरडा. तो औषधांसाठी विकला जातो. भैरवनाथाच्या देवराईत मात्र कुऱ्हाड चालवत नाहीत.

खालच्या खोऱ्यात घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते आंबेगावच पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठिकाण आता घोडेगाव. पाणी ओसरले की जलाशयाच्या काठच्या उघड्या पडलेल्या जमिनीत काही कुटुंबे गाळपेर, म्हणजे ओल्या गाळात पेरणी, करतात. याच डोंगरपट्ट्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी पहाटे-सकाळच्या सुमारास दरड कोसळली आणि १५१ माणसे गेली. वाचलेल्यांसाठी जवळच आमडे येथे नवे माळीण उभारण्यात आले. २०१७ मध्ये कुटुंबे तिथे राहायला गेली.