दक्षिण आशियाई भाषांची विद्यापीठीय पाठ्यसामग्री : अर्थसाहाय्य

हिंदी, उर्दू, बंगाली, तमिळ, मराठी इ. भाषा परभाषा म्हणून शिकणाऱ्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी प्रवेशिका, वाचनमाला, संदर्भ-व्याकरणे, कोश व ध्वनिमुद्रणे तयार करण्यास शासनाने, प्रतिष्ठानांनी किंवा विद्यापीठांनी दिलेले अर्थसाहाय्य. भारतातील विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळांचे कार्य यात मोडत नाही. तेथे देशी भाषा अध्यापनाचे माध्यम असते, येथे ती अध्ययनाचा विषय असते.

या प्रथेचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजपर्यंत (स्थापना १८००) मागे नेतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नवोदित अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी तेथे पंडित व मुनशी वेतनावर नेमलेले होते आणि ग्रंथांच्या प्रती विकत घेऊन कॉलेज छपाईचा भार हलका करीत असे. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण (१८०५) आणि मोडी लिपीत छापलेला त्याचा मराठी-इंग्रजी कोश (१८१०) ही या व्यवस्थेची फळे होत. दोहोंमागे वैजनाथ शर्मा या पंडिताचे साहाय्य होते, हे कॅरीच्या उल्लेखांवरून दिसते. तथापि फोर्ट विल्यम ही नियोक्त्याने स्वतःच्या नोकरांसाठी चालविलेली संस्था होती. बाहेरच्या निधीतून विद्यापीठीय अध्यापकाने सामग्री रचावी, ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत आकार घेऊ लागली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. लष्करी गरजेतून निघालेल्या भाषा-पुस्तकांच्या मालेतील हेन्री होनिग्सवाल्ड यांचे हिंदुस्तानीचे पुस्तक (१९४५) हा तिचा आरंभीचा नमुना होय. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९५४ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने भरलेल्या भाषाविज्ञान-वर्गांनी थेट पाठ्यपुस्तके फारशी दिली नसली, तरी वर्णनात्मक पद्धतीत (भाषा प्रत्यक्ष बोलली जाते तशी नोंदवून तिचे विश्लेषण करण्याच्या पद्धतीत) तयार झालेले भारतीय भाषातज्ज्ञ दिले, आणि पुढच्या अनुदानांच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे ठरले.

स्पुटनिक या सोव्हिएत कृत्रिम उपग्रहाच्या उड्डाणानंतर (ऑक्टोबर १९५७) अमेरिकन काँग्रेसने संमत केलेल्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने (१९५८) या साहाय्याला कायमचे रूप दिले. त्याच्या सहाव्या प्रकरणात भाषा-केंद्रे, अभ्यासवृत्ती आणि सामग्री-निर्मिती यांची तरतूद होती. कलम ६०२ अन्वये विद्यापीठांशी करार करून व्याकरणे व पाठ लिहवून घेतले जात. हे प्रकरण १९८० मध्ये उच्च शिक्षण कायद्यात समाविष्ट झाले. ‘पी. एल. ४८०’ या अमेरिकन धान्यसाहाय्य कायद्याखाली गव्हाच्या विक्रीतून भारतात साचलेल्या रुपयांतून १९६२ पासून अमेरिकन ग्रंथालयांकरिता भारतीय पुस्तके घेतली गेली. ती पाठ्यपुस्तके नव्हती; पण वरच्या वर्गांची वाचनसामग्री बव्हंशी त्यांतून निवडली गेली असावी.

मराठीच्या वाट्याला आलेली सामग्री संख्येने थोडी, पण टिकाऊ आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून नरेश कवडी व फ्रँकलिन साउथवर्थ यांचा बोली मराठीचा प्रथमवर्षीय अभ्यासक्रम (१९६५) आणि मॅक्सीन बर्नसन व जाई निंबकर यांचे संदर्भ-व्याकरण (१९७५) प्रसिद्ध झाले. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज (स्थापना १९६१) या संस्थेचे मराठी वर्ग पुण्यात भरतात. प्रथम वर्षाला विद्यार्थी असतात म्हणून अनुदान प्रथम वर्षाला मिळते. तिसऱ्या वर्षाचा अध्यापक जुन्या कथांच्या छायाप्रतींवर वेळ निभावतो, हे केवळ मराठीचे दुखणे नव्हे.

संगणकीय सामग्रीत लिपीचा प्रश्न निधीइतकाच निर्णायक ठरला. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय संकेतप्रणाली रूढ होण्यापूर्वी प्रत्येक प्रकल्पाचा टंक (फाँट) वेगळा असे आणि टंक कालबाह्य झाला की अनुदानातून झालेले पाठ वाचता येईनासे होत. मराठीत आणखी एक अडचण होती. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरू व स्वयंपाकी एवढे अंतर आहे आणि ते केवळ रफाराच्या आकारावर अवलंबून आहे. हिंदीसाठी बनविलेल्या अनेक टंकांत दुसरा (‘ऱ्या’मधील) आकारच नसे. युनिकोडमध्ये तो ‘ऱ’ या वर्णाच्या अर्ध्या रूपाने साधतात, मात्र हा वर्ण मुळात द्राविडी भाषांतील एका ध्वनीच्या लिप्यंतरासाठी नोंदलेला आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संगणकीय कोश-प्रकल्पात अमेरिकन शिक्षण विभागाच्या साहाय्याने उपलब्ध झाली. नवे पुस्तक लिहविण्यापेक्षा जुना कोश शोधसुलभ करणे हा त्या निधीचा कदाचित सर्वांत लाभदायी विनियोग म्हणता येईल.

शिकागो येथेच २००२ मध्ये दक्षिण आशियाई भाषा साधन केंद्र स्थापन झाले. एका विद्यापीठाला मोठी रक्कम देण्याऐवजी अनेक अध्यापकांना लहान अनुदाने देण्याचा मार्ग त्याने अवलंबिला. अमेरिकेत राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने २००६ पासून हिंदी, उर्दू, बंगाली व पंजाबी यांना अग्रक्रम मिळाला. मराठी त्या यादीबाहेर राहिली. २०११ च्या अमेरिकन अर्थसंकल्पात सहाव्या प्रकरणाच्या व संलग्न कार्यक्रमांच्या निधीत सु. ४० टक्के कपात झाली.

ब्रिटनमध्ये पौर्वात्य भाषा-अभ्यासाविषयीच्या स्कारब्रो (१९४७) व हेटर (१९६१) समित्यांच्या अहवालांनंतर निधी वाढला, परंतु तो मुख्यतः अध्यापकपदांकडे वळला. हार्व्हर्ड विद्यापीठातील तमिळ अध्यासनासाठी (देणगीतून चालणाऱ्या प्राध्यापकपदासाठी) उभारलेल्या ६० लाख डॉलरांचेही तसेच आहे. त्यात तमिळनाडू शासनाचे १० कोटी रुपये होते. देणगीदाराचे नाव अध्यासनाला लागते, स्वाध्यायपुस्तिकेला लागत नाही.

भारतात म्हैसूरची भारतीय भाषा संस्था (१९६९) परभाषा म्हणून भारतीय भाषा शिकवण्याची सामग्री तयार करते. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने अमराठी भाषकांसाठी ‘मायमराठी’ ही सामग्री रचली असून परकीय भाषा शिकवण्याच्या संवादकेंद्री पद्धतीचा तिच्यावर प्रभाव आहे.