बाळाच्या हृदयातील छिद्र: गोव्यात अर्ज कुठे करावा, कागद कोणते लागतात

इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल हाती येताच पालक विचारतात, "छाती न उघडता होईल ना?" ते छिद्राचा प्रकार, त्याच्या कडा आणि बाळाचे वजन यांवर ठरते. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या मध्यभागी छिद्र असेल आणि कडा पुरेशा असतील, तर जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन छिद्र बुजवणारे छत्रीसारखे उपकरण (छत्री) बसवता येते. पीडीए, म्हणजे हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमधला जन्मानंतरही उघडा राहिलेला मार्ग, बहुतेकदा असाच बंद होतो. इतर काही छिद्रांना शस्त्रक्रियाच लागते. काही ठिकाणी ती उजव्या काखेखालच्या लहान चिरेतून करतात, पण शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय-फुफ्फुसांचे काम करणारे हार्ट-लंग मशीन तिथेही लागते. पद्धत बदलली की खर्च आणि मंजुरीही बदलते, म्हणून डॉक्टरांकडून पद्धत स्पष्ट लिहून घ्या.

अंगणवाडीत किंवा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने दोष ओळखला असेल, तर त्यांची चिठ्ठी सांभाळा. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या या कार्यक्रमात जन्मजात हृदयविकार येतो आणि पुढचे उपचार मोफत मिळू शकतात. चिठ्ठी नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा.

दुसरा आधार गोवा सरकारच्या २०१६ पासूनच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचा, म्हणजे आरोग्यविम्याचा. गोव्यात किमान ५ वर्षे वास्तव्य हवे. ३ जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, ४ किंवा अधिक जणांना ४ लाख रुपयांचे संरक्षण. आईवडिलांकडे योजनेचे कार्ड असते, पण नव्या बाळाचे नाव त्यावर चढवलेले नसते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. जन्मदाखला मिळताच नाव घाला, कार्डाची मुदतही पाहा. आधार, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, फोटो तयार असू द्या. नंतर इको अहवाल आणि डॉक्टरांची शिफारस घेऊन इस्पितळातल्या योजनेच्या कक्षात जा. पूर्वमंजुरी तिथूनच मागितली जाते. छत्रीची किंमत पॅकेजमध्ये धरली आहे का, हे तिथेच विचारा.

राज्यातल्या सरकारी इस्पितळांत तो उपचार होत नसेल, तर आरोग्य संचालनालयाची मेडिक्लेम योजना आहे. कार्यालय पणजीत, कांपालला. तिथे उत्पन्नाचा दाखलाही लागतो, म्हणून मामलेदार कचेरीत अर्ज लवकर टाका.

मात्र ओठ किंवा जीभ निळी पडली, दूध पिताना बाळाला धाप लागून घाम फुटला, तर कागदांसाठी थांबू नका. १०८ ला फोन करून बाळाला लगेच इस्पितळात न्या.