गाय गुटगुटीत म्हणजे टीबी नाही? साफ चूक

सिन्नर-निफाडकडं गाय घेताना अजून हेच बघतात, अंग भरलेलं आहे ना, खोकत नाही ना, मग टीबी-बिबी काही नाही, करा सौदा. अहो पण टीबी झालेली गाय कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं ठणठणीत दिसते, दूधही देते आणि तोवर श्वासातून शेजारच्या दावणीला लागण करत बसते. खंगलेली गाय ही शेवटची पायरी. २०१८ मध्ये भारतातल्या आधीच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यात साधारण ७.३ टक्के जनावरं बाधित निघाली, म्हणजे अंदाजे २ कोटी १८ लाख! संकरित गायींत प्रमाण देशीपेक्षा जास्त, आणि आपल्याकडे तर जिकडेतिकडे एचएफच (होल्स्टीन-फ्रिजियन संकर). त्यात मोठा कळप, वाढलेलं वय, कोंदट शेड, नाहीतर बाजारातून आणून थेट आपल्या गायींत बांधलेलं जनावर, यानं धोका अजून वाढतो. आणि धारोष्ण दुधाचं कौतुक राहू द्या, जंतू दुधातूनही माणसात येतो, उकळूनच प्या. खरं कळतं ते टेस्टनं, मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन (टीबीच्या जंतूपासून काढलेलं प्रथिन) टोचतात आणि ७२ तासांनी तिथली जाडी परत मोजतात. व्यवहाराआधी ही टेस्ट मागा, विकणारा कुरकुरेल, कुरकुरू दे.