ॲनिमेटेड श्रेयनामावली

चित्रपटाच्या आरंभी किंवा शेवटी कलावंत-तंत्रज्ञांची नावे हलत्या चित्रांच्या सोबतीने दाखवणारा भाग. बोलण्यात याला ‘टायटल्स’ म्हणतात. नावे कळवणे हे त्याचे उघड काम. पण चांगली श्रेयनामावली येणाऱ्या कथेचा सूर आधीच लावून ठेवते, किंवा संपलेली कथा आणखी थोडी पुढे नेते.

या प्रकाराला वळण दिले ते अमेरिकी आरेखक सॉल बास यांनी. तोवर अनेक चित्रपटगृहांत नावे बंद कापडी पडद्यावरच उमटत आणि पडदा सरकला की चित्रपट सुरू झाला असे मानले जाई. हेरॉइनच्या व्यसनावरच्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ (१९५५) या चित्रपटाच्या रिळांसोबत मात्र नावांआधीच पडदा उघडण्याची सूचना गेली. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या पट्ट्या सरकत येतात आणि अखेरीस त्यांचा एक वाकडातिकडा हात होतो. सुई नाही, माणूस नाही. तरी कोणीतरी जखडले गेल्याची जाणीव होते.

‘मॉन्स्टर्स, इंक.’ (२००१) हा चित्रपट संगणकावर घडवलेला, पण त्याची सुरुवात कागद कापून केल्यासारख्या सपाट, रंगीत दारांनी होते. रँडी न्यूमन यांच्या जॅझच्या तालावर दारे उघडतात, मिटतात, आणि राक्षसांची भीती तिथेच गमतीत विरघळते. भारतात ‘तारे जमीन पर’च्या (२००७) टायटल्ससाठी धीमंत व्यास यांनी मातीकामाचे ॲनिमेशन केले. बोटांनी घडवलेली माती मुलाच्या मनाच्या जवळची वाटते, म्हणून ती निवड अचूक होती.

खरी श्रीमंती अखेरच्या नामावलीत आहे. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या ‘माय नेबर टोटोरो’मध्ये (१९८८) दोन लहान बहिणींची आई इस्पितळात असते आणि ती घरी येण्याआधीच कथा थांबते. ती परतल्याचे कळते ते नावांसोबतच्या चित्रांतून: टॅक्सीतून उतरणारी आई, अंथरुणात मुलींना गोष्ट वाचून दाखवणारी आई. संवाद एकही नाही. दिवे लागताच उठणारा प्रेक्षक नेमका हाच दिलासा मागे टाकून जातो.

अँड्र्यू स्टँटन दिग्दर्शित ‘वॉल-ई’मध्ये (२००८) ओसाड पृथ्वीवर माणसे परततात तिथे चित्रपट संपतो. मग पीटर गॅब्रिएल यांच्या गाण्यावर ती माणसे आणि यंत्रमानव मिळून शेती, मासेमारी, घरे नव्याने शिकताना दिसतात. ही प्रगती कलेच्या इतिहासाच्या क्रमाने रंगवली आहे: आधी गुहाचित्रे, मग इजिप्तची भित्तिचित्रे, पुढे मोझेक (रंगीत तुकडे जोडून केलेली चित्रे), आणि चित्रकार व्हॅन गॉगच्या धाटणीपर्यंत. संस्कृती पुन्हा उभी राहते हे सांगायला चित्रशैलीच कामी येते. शेवटी वॉल-ई आणि ईव्ह हे यंत्रमानव एका मोठ्या झाडापाशी उभे असतात. दृश्य मुळांवरून खाली जाते, तिथे चित्रपटातला तो जुना बूट आहे, ज्यात या झाडाचे रोप लावले होते.