पाण्यातले औषध आणि माशातले औषध

ओढ्याचे बाटलीभर पाणी तपासून घेतले, कीटकनाशकाचा अंश निघाला नाही, म्हणून त्यातले मासेही निर्धोक, हा निष्कर्ष बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत इतक्यांदा ऐकला आहे की पाणी आणि मासे या दोन्ही गोष्टी एकदा शेजारी शेजारी मांडणे भाग आहे.

पाण्याचे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. फवारणीपाठोपाठ पाऊस आला की औषध ओढ्यात उतरते आणि बरेचसे पुढे वाहून जाते. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक एका लिटर पाण्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम विरघळते, माशाच्या चरबीत मात्र फारसे साठत नाही. यंदाचे पीक, फवारणीचे दिवस आणि पाऊस यांवरून पाण्याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो.

माशाच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही, आणि घोटाळा होतो तो इथेच. डीडीटी हे जुने कीटकनाशक पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ते मातीच्या कणांना, त्यातही सेंद्रिय अंशाला, चिकटून राहते, धुपलेल्या मातीबरोबर तळच्या गाळात जाऊन बसते आणि गाळातल्या किड्यांतून लहान माशांत, लहान माशांतून मरळीसारख्या शिकारी माशात वाढत जाते. शेतीतल्या डीडीटीवर भारतात १९८९ मध्ये बंदी आली, तरी त्यापासून बनणारे डीडीई दशकानुदशके मातीत टिकते. म्हणून माशाचा अंदाज बांधताना जमीन केव्हापासून कसली जाते, तिच्यावर पूर्वी काय मारले होते, उतार किती आहे, बांध शाबूत आहेत का आणि नांगर ओढ्याच्या काठापर्यंत गेला आहे का, हे विचारावे लागते. मलप्रभा नदीचे उन्हाळ्यातले पाणी कणकुंबीच्या जंगलात आणि सौंदत्तीकडच्या काळ्या रानात सारखेच स्वच्छ निघाले, तरी दोन्हीकडच्या माशांविषयी एकच अंदाज करणे चूक आहे.

पाणलोट क्षेत्र (जिथले पाणी धरणात येते ती जमीन) आणि लाभक्षेत्र (जिला धरणाचे पाणी मिळते ती जमीन) यांची गल्लत त्या मानाने किरकोळ आहे: हिडकलच्या जलाशयातल्या माशांसाठी धरणाच्या वरची जमीन मोजावी, कालव्याखालची नव्हे.

पाण्याऐवजी गाळ तपासावा, असे माझे ठाम मत आहे. मासा तपासलाच, तर त्याची जात, वजन आणि चरबीचे प्रमाण नोंदवलेच पाहिजे; एका ओढ्यातली जून मरळ आणि दुसऱ्यातला कोवळा कटला यांचे आकडे शेजारी ठेवून केलेली तुलना मी ग्राह्य धरत नाही.