डोकेदुखी

डोकेदुखी : कपाळ, कानशिले, डोळ्यांच्या खोबण्या, टाळू किंवा मानेचा वरचा भाग यांत जाणवणारी वेदना. खुद्द मेंदूला दुखल्याचे कळत नाही. दुखतात ती त्याभोवतीची आवरणे, रक्तवाहिन्या आणि डोक्या-मानेचे स्नायू. इंटरनॅशनल हेडेक सोसायटीने १९८८ मध्ये आपले पहिले वर्गीकरण प्रसिद्ध केले. २०१८ ची तिसरी आवृत्ती सध्या प्रमाण मानतात. मोठे भेद दोन : दुखणे हाच आजार असलेली प्राथमिक डोकेदुखी आणि संसर्ग, मार, गाठ, रक्तस्राव अशा अन्य कारणाने उद्भवणारी दुय्यम. प्राथमिक डोकेदुखी स्कॅनमध्ये दिसत नाही. ती ओळखायची रुग्णाच्या सांगण्यावरून : कुठे दुखते, कसे, किती वेळ, आणि दुखताना तो काय करतो.

शेवटच्या प्रश्नानेच बराच उलगडा होतो. ताणजन्य डोकेदुखीत कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते, पण माणूस कुरकुरत का होईना, काम उरकतो. ही सर्वांत जास्त आढळणारी. अर्धा तास ते सात दिवस टिकते. अर्धशिशीचा (मायग्रेनचा) रुग्ण पडदे ओढून पडून राहतो. ठणका बहुधा एका बाजूला, जिना चढला तरी वाढणारा. उजेड, आवाज, कधी फोडणीचा वासही सोसवत नाही. उपचार न केल्यास ४ ते ७२ तास. काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी चकाकत्या रेघा दिसतात. पुंजक्याने येणाऱ्या क्लस्टर डोकेदुखीत मात्र पडवतच नाही. एका डोळ्याभोवती भोसकल्यासारखी कळ, तोच डोळा लाल, त्याच बाजूचे नाक वाहते आणि रुग्ण येरझाऱ्या घालतो. झटका १५ मिनिटे ते ३ तासांचा. साधी गोळी लागू पडेपर्यंत अनेकदा ओसरलेला असतो. म्हणून मास्कने शुद्ध प्राणवायू किंवा सुमाट्रिप्टानचे इंजेक्शन देतात.

अर्धे डोके दुखवणारा ‘अर्धावभेदक’ आणि उन्हाबरोबर चढणारा ‘सूर्यावर्त’ यांची नोंद सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील अकरा शिरोरोगांत आहे. तरी मराठी घरांत अर्धशिशीला सर्रास म्हणतात ‘पित्त’. समजूत वरवर पटण्यासारखी आहे : उपास घडला, जेवण लांबले, जागरण झाले की डोके चढते, कडू उलटी झाली की उतरते. पण इथे उलटी हे अर्धशिशीचेच लक्षण असते. झटक्यात जठर मंदावते, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी पोटातच रेंगाळते. म्हणून ती दुखणे सुरू होताच घ्यावी, मळमळ असल्यास सोबत उलटी थांबवणारे औषध. ‘सायनस’ आणि ‘चष्म्याचा नंबर’ या नावांखालीही बरीच अर्धशिशी वर्षानुवर्षे दडून राहते.

साध्या झटक्याला पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा नेप्रॉक्सेन पुरते. न पुरल्यास ट्रिप्टान गटातील औषधे, मात्र हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांना ती देत नाहीत. झटके वारंवार येत असतील तर प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट यांपैकी एखादे रोज घ्यावे लागते. वेळेवर जेवण आणि ठरलेली झोप यांचा उपयोग खरा आहे. सुंठेचा लेप किंवा बाम यांनी बरे वाटते, एवढेच म्हणावे.

खरा घोटाळा पर्समधल्या गोळ्यांच्या पाकिटाचा. साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान अथवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले की गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. गोळी थांबवल्यावर सुरुवातीला दुखणे वाढते, आणि रुग्ण पुन्हा पाकीट उघडतो. हा फेरा दिसतो तो कॅलेंडरवर : दुखल्याच्या दिवशी फुली, गोळी घेतल्यास टिंब. बऱ्याच जणांना आपण किती गोळ्या खातो हे महिनाअखेरीच प्रथम कळते.

काही प्रसंगी कॅलेंडर बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे : क्षणार्धात कळस गाठणारी भीषण वेदना, ताप आणि ताठलेली मान, बोबडी वळणे, हातापायातली शक्ती जाणे, डोक्याला मार, गरोदरपणात वाढलेला रक्तदाब. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणेही तपासावे. त्यासोबत कानशील हुळहुळे झाले आणि चावताना जबडा भरून येऊ लागला, तर कानशिलाच्या धमनीचा दाह असू शकतो. त्यात दृष्टी कायमची जाण्याचा धोका असल्याने डॉक्टर बायॉप्सीच्या अहवालाची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करतात.