बखर वेगळी, शकावली वेगळी

शिवकाळावरच्या वादात कुणी ‘बखरीत तर ही तारीख आहे’ म्हणून ठणकावलं की मी तिथून काढता पाय घेतो. तारखेसाठी बखर उघडायचीच कशाला?

बखर म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. सभासदाची, चिटणिसाची, भाऊसाहेबांची, नावं तरी सगळ्यांच्या कानावरून गेलेली असतात. शकावलीला मात्र सर्रास ‘छोटी बखर’ समजतात. शकावलीत शकानुसार नोंदी असतात. अमुक शके, अमुक तिथी, अमुक घडलं, की लगेच पुढची नोंद. एक लांबलचक, दुसरी त्रोटक. एक रसाळ, दुसरी कोरडी. हे पान उघडताच दिसतं, त्यावर शाई खर्चण्यात अर्थ नाही.

गोची वेगळीच आहे. शकावलीतली नोंद आपल्या पायावर उभी असते. एखादी तिथी चुकली म्हणून शेजारची चुकत नाही. प्रत्येक नोंद सुटी काढून दुसऱ्या कागदाशी ताडून बघता येते. बखरीत तसं करता येत नाही, कारण तिथे कथानक आहे. लिहिणाऱ्याला कुणाला तरी काही पटवायचं असतं आणि घटनांचा क्रम, कारणं, संवाद सगळं त्या ओघात बसवलेलं असतं.

अफझलखानाचं प्रकरण घ्या. जेधे देशमुख घराण्याची जेधे शकावली शके १५८१, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी (१० नोव्हेंबर १६५९) सांगून ते मोजक्या शब्दांत उरकते. सभासदाकडे भवानीचा दृष्टांत आहे, पंताजी गोपीनाथाची शिष्टाई आहे, सजवलेली सदर आहे, जिवा महाला आहे. वाचताना अंगावर काटा येतो. पण कृष्णाजी अनंत सभासदाने हे लिहिलं १६९७च्या सुमारास, जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. मध्ये जवळपास चार दशकं गेली होती. त्यातले संवाद अवतरणचिन्हांत टाकून ‘महाराज म्हणाले’ असं छापणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

तरी सभासद माझा लाडका. राज्याची व्यवस्था, गडांचा बंदोबस्त, फौजेची रचना याबद्दल तो सांगतो ते मोलाचं आहे. मल्हार रामराव चिटणिसाचं तसं नाही. त्याची बखर १८१०च्या आसपासची, म्हणजे संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांच्या घरातली. त्याच्या घराण्याचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता. त्या बखरीतलं संभाजीचित्र वाचताना एवढं आठवलं तरी पुरे. पण म्हणून ‘बखरी सगळ्या खोट्या’ म्हणणारेही तेवढेच आळशी.

शकावलीलाही डोळे मिटून मान डोलवू नये. ती काही रोजच्या रोज लिहिलेली रोजनिशी नव्हे, आणि जेध्यांची शकावली जेध्यांच्या घरातली, तेव्हा तिच्यात जेध्यांच्या घरचं बरंच असणार. तिचं वजन वाढतं ते ताडून पाहिल्यावर. उत्तरकालीन बखरींमुळे शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९च्या वैशाखातला, म्हणजे १६२७चा, हे रूढ झालं होतं. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली उजेडात आणली, आणि तीत निघाली शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. वर नक्षत्र आणि घटी-पळंही. महाराजांच्या हयातीतच रचलेल्या परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही शके १५५१ची हीच तिथी आहे. तिथे वाद जवळपास निकाली निघाला.

उरला हिशेब. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. पण शक चैत्रात बदलतो. जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुन सरेपर्यंत ७९ मिळवायचे. म्हणून १५५१चा फाल्गुन १६३०मध्ये येतो, १६२९मध्ये नव्हे. आणि शिवजयंतीची १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, ज्युलियन पंचांगाची आहे. आजच्या ग्रेगोरियन पंचांगाने तो दिवस १ मार्च.